नदीत मगर, पुस्तकात गरुड

गवत, नाकतोडा, बेडूक, साप, गरुड. ही साखळी मी एकतीस वर्षं फळ्यावर काढली. खडूने बाण काढायचे, मुलांनी ते वहीत उतरवायचे आणि परीक्षेत तसेच्या तसे मला परत करायचे. बडोद्यातल्या आमच्या शाळेपासून चालत दहा मिनिटांवर विश्वामित्री आहे. हिवाळ्यात अकराच्या उन्हाला तिच्या काठावर मगरी जबडा उघडून पडलेल्या असतात आणि पुलावर स्कूटर उभी करून लोक त्यांचे फोटो काढतात. माझ्या वर्गातल्या एकाही मुलाने गरुडाला साप खाताना पाहिलं नव्हतं. मगरीने डुक्कर ओढून नेलेलं पाहिलेली मात्र तीन-चार तरी होती. पेपरात त्यांनीसुद्धा गरुडच लिहिला आणि मी गरुडालाच गुण दिले. कोणी मगर लिहिली असती तर? उत्तरसूचीत मगर नव्हती. माझ्या लाल पेनाने काय केलं असतं, हे छातीठोकपणे सांगायची माझी तयारी नाही.

शाळा गुजराती माध्यमाची, घर मराठी. त्यामुळे दोन्ही भाषांतले शब्द माझ्या डोक्यात शेजारी शेजारी राहिले. इकोसिस्टिमला मराठीत आपण परिसंस्था म्हणतो. शब्द बरोबर आहे, पण कानाला एखाद्या सहकारी पतपेढीसारखा लागतो. गुजराती पुस्तकात निवसनतंत्र म्हणतात. त्यात निवास आहे, वसणं आहे, वस्ती आहे. कोण कुठे राहतं आणि कोणाच्या जिवावर राहतं, हा प्रश्न त्या शब्दाच्या पोटातच आहे. शब्द एवढा चांगला मिळूनही आम्ही धडा शिकवला तो कुठल्या तरी बिनपत्त्याच्या जंगलाचा.

गेली काही वर्षं निवृत्तीनंतर मी घरी शिकवण्या घेते, नातवंडांची पुस्तकं चाळते, आणि एक गोष्ट मला टोचत राहते. परिसंस्थेचा धडा आणि लोकसंख्येचा धडा मुलं एकाच शाळेत, एकाच वयात शिकतात. पण हे दोन धडे एकमेकांना ओळखत नाहीत. पहिल्यात माणूस नसतो. हरणं असतात, तळं असतं, जिवाणू असतात. माणूस शेवटच्या परिच्छेदात हस्तक्षेप करायला येतो आणि निघून जातो. दुसऱ्यात माणसाशिवाय काहीच नसतं. रेल्वे फलाटावरच्या गर्दीचं एक चित्र, वर चढत जाणारी एक रेघ. आणि त्या गर्दीत जो माणूस असतो तो कधीच आपण नसतो, आपली आई नसते, आपली सोसायटी नसते. तो नेहमी कोणी तरी दुसरा असतो. पर्यावरणाच्या शिक्षणातली खरी खोट इथे आहे, असं माझं म्हणणं आहे. धडे वाढवले, कमी केले, पुस्तक गुळगुळीत कागदावर छापलं, तरी ही खोट जात नाही.

पर्यावरण शिकवायला हवं, याबद्दल कागदावर कोणाचाच विरोध नाही. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली हा विषय शाळा-कॉलेजात सक्तीने शिकवायला सांगितलं. पुढे पदवीच्या मुलांनाही सहा महिन्यांचा अभ्यासक्रम आला. त्यातून आमच्या हाती काय आलं? प्रोजेक्ट. शाळेजवळच्या स्टेशनरीच्या दुकानात ‘तळ्याची परिसंस्था’ तयार मिळायची. थर्मोकोलचं तळं, निळा जिलेटिन पेपर, प्लॅस्टिकचं बदक. निकाल लागल्यावर ही तळी कुठे जायची, हे मला ठाऊक आहे, कारण आमच्या शाळेची रद्दी आणि कचरा ज्या खोलगट जागेत टाकला जाई तिथून पावसाचं पाणी नदीकडेच जात असे. तळ्याची परिसंस्था खऱ्या परिसंस्थेत अशी पोचती होत असे. आम्ही दरवर्षी उत्कृष्ट प्रतिकृतीला बक्षीस देत होतो.

२०२२ मध्ये अभ्यासक्रमाचा भार हलका करायचा म्हणून एनसीईआरटीने बारावीच्या जीवशास्त्रातून पर्यावरणीय समस्यांचं अख्खं प्रकरण काढलं. परिसंस्थेच्या प्रकरणातून पोषकद्रव्यांचं चक्र गेलं आणि वनस्पतींचं अनुक्रमण, म्हणजे एखाद्या जागी एकामागून एक वनस्पती कशा येत जातात, तेही गेलं. ओरड झाली, ती रास्त होती. कार्बनचं चक्रच शिकला नाही तर तो मुलगा तापमानवाढीच्या बातमीचं करणार काय? पण मी ते प्रकरण शिकवलेलं आहे, म्हणून त्याच्यासाठी पूर्ण गळा काढणं मला जमत नाही. त्यात कॅलिफोर्नियातल्या अर्काटा नावाच्या गावाने आपलं सांडपाणी दलदलीतून कसं शुद्ध केलं, याची गोष्ट होती. गोष्ट छान आहे. बडोद्याची मुलं ती पाठ करत. अर्काटाचं सांडपाणी कुठे जातं हे त्यांना सांगता यायचं, स्वतःच्या घरचं कुठे जातं हे नाही.

आता त्या मगरींकडे येते.

नववीच्या वर्गात एका मुलाने विचारलं, “बेन, नदी एवढी गंदी आहे तरी मगर मरत कशी नाही?” माझ्या साऱ्या नोकरीत यापेक्षा चांगला प्रश्न मला कोणी विचारलेला नाही. पावसाळा सरला की विश्वामित्रीच्या शहरातल्या पात्रात जे वाहतं त्यात नदी थोडी आणि गटार फार. सांडपाण्यातलं सेंद्रिय द्रव्य कुजवताना जिवाणू पाण्यात विरघळलेला प्राणवायू वापरून टाकतात. माशांना तोच प्राणवायू कल्ल्यांनी घ्यावा लागतो, म्हणून नाजूक मासे आधी जातात आणि कमी हवेवर निभावणारे उरतात. मगर फुप्फुसाने श्वास घेते, नाकपुड्या पाण्याबाहेर काढून. पाण्यातल्या प्राणवायूशी तिचं घेणंदेणं नाही. मिळेल ते खाते, महिनोन्महिने थोडक्यात भागवते, कारण शरीर गरम ठेवायला तिला अन्न जाळावं लागत नाही. त्यासाठी ऊन आहे. म्हणजे मगर दिसते म्हणून नदी ठणठणीत आहे असं समजायचं नाही, आणि नदी घाण आहे म्हणून तिथे काही जिवंत नाही असंही समजायचं नाही. त्या दिवशी माझा तास संपला तेव्हा फळ्यावर विरघळलेला प्राणवायू, अनियततापी प्राणी, अन्नजाळं हे सगळं येऊन गेलं होतं, आणि पुस्तक मिटलेलंच होतं.

लोकसंख्येचा पहिला पाठही मगरीकडूनच घ्यावा. मादी फेब्रुवारी ते एप्रिलच्या सुमारास काठावर खड्डा करून पंचवीस-तीस अंडी घालते आणि दोनेक महिन्यांनी, पाऊस तोंडावर आला की, पिलं निघतात. त्या पिलांत नर किती आणि माद्या किती, हे घरट्याची माती किती तापली त्यावर ठरतं. घोरपड, मुंगूस, भटकी कुत्री अंडी उकरून नेतात. पिलांवर बगळ्यांची झडप असते. सगळी अंडी जगली असती तर काळ्या घोड्याच्या पुलाखाली पाण्याऐवजी नुसत्या मगरीच दिसल्या असत्या. तशा दिसत नाहीत. जन्म किती झाले याने संख्या ठरत नाही. जगले किती, खायला किती आहे, अंडी घालायला काठ किती उरला आहे, याने ठरते. हे गणित मगरीवर केलं की कोणाच्या घरावर बोट जात नाही. मग पर्यावरणाची धारणक्षमता, म्हणजे एखादी जागा किती जिवांना पोसू शकते, हा शब्द जड वाटत नाही.

आणि इथेच माणसाकडे वळायचं. कारण हा शब्द मगरीला लागू होतो तसा माणसाला सरळ लागू होत नाही, आणि तो का होत नाही हे बडोद्याइतकं सोपं करून दाखवणारं गाव मला माहीत नाही. सयाजीराव महाराजांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आजव्याचं सरोवर बांधून शहराला पाणी दिलं, तेव्हा बडोद्याची वस्ती लाखाच्या आगेमागे होती. १९०१ च्या जनगणनेत १ लाख ४ हजार, १९११ मध्ये लाखालाही थोडी कमी. २०११ मध्ये ती साडेसोळा लाखांच्या वर गेली. मगरींची संख्या अशी सोळापट झाली असती तर अन्न संपून त्या मेल्या असत्या किंवा पांगल्या असत्या. आपण काय केलं? महीच्या पात्रात विहिरी खणल्या आणि तिचं पाणी आणलं. ते पुरेना तेव्हा नर्मदेच्या कालव्यातून आणलं. शहराची धारणक्षमता वाढली असं आपण म्हणतो. वाढली ती दुसऱ्या कोणाची तरी उचलून. नर्मदेचं पाणी कालव्यात चढावं म्हणून सरदार सरोवर झालं, आणि त्याच्या फुगवट्याखाली मध्य प्रदेशातली, गुजरातेतली गावं गेली, तशी आपल्या नंदुरबार जिल्ह्यातली तेहतीस गावं आली, मणिबेली त्यातलंच. दांडिया बाजारातल्या मराठी घरात नळ सोडला की त्या पाण्यात मणिबेलीचा थोडा अंश असतो. हे ऐकून मुलांना अपराधी वाटावं, असा माझा हेतू कधीच नव्हता. आपल्या नळाचा पत्ता त्यांना ठाऊक असावा, एवढंच.

मनुष्यवस्तीचा आलेखही घरातला घ्यावा. पुस्तकातली रेघ नेहमी वर जाणारीच असते. बडोदे राज्याचा आलेख काढा. १८९१ मध्ये २४ लाखांच्या वर प्रजा होती, १९०१ मध्ये साडेएकोणीस लाख. दहा वर्षांत जवळजवळ पाचवा हिस्सा माणसं गेली. मधे छप्पनिया दुष्काळ होता, विक्रम संवत १९५६ चा, पाठोपाठ तापाची साथ होती. माझी आजी कोणी ताटात टाकलं की ‘छप्पन्नात जन्मला असतास म्हणजे कळलं असतं’ म्हणायची. तिनेही तो पाहिला नव्हता, तिच्या आईने पाहिला होता. वर्गात हा खड्डा काढला की मुलं गप्प होतात. मग नंतर रेघ का चढली हे वेगळं सांगावं लागत नाही. माणसं अचानक जास्त मुलं जन्माला घालू लागली असं झालं नाही. मुलं मरायची थांबली. देवीची लस आली, स्वच्छ पाणी आलं, रेशन आलं. ज्या चढाला आपण समस्या म्हणतो तो आधी आजीच्या पिढीला मिळालेला दिलासा होता. शहराच्या चढाचं कारण आणखी वेगळं. १९६२ मध्ये खतांची कंपनी स्थापन झाली, १९६५ मध्ये कोयलीची रिफायनरी उभी राहिली, मग पेट्रोकेमिकल्स आलं, आणि कामाच्या मागे माणसं आली. माझे वडीलही त्यातलेच, सांगलीकडून आलेले.

पण शाळेत काय शिकवलं जातं? लोकसंख्येचा भस्मासूर. मराठी निबंधात भस्मासूर, गुजरातीत वस्तीविस्फोट. मला या भस्मासुराची नेहमी गंमत वाटते. भस्मासूर एकटाच होता हो. त्याची संख्या वाढली नव्हती, हात चालला होता. ज्याच्या डोक्यावर हात ठेवील तो जळेल, असा वर त्याला मिळाला आणि तो देणाऱ्याच्याच मागे लागला. दरडोई वापर शिकवायला याहून चांगली कथा सापडायची नाही, आणि आपण ती डोकी मोजायला वापरतो. एक भारतीय वर्षाला सरासरी दोन टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतो. एक अमेरिकन त्याच्या सातपट. देशादेशांत हा फरक आहे तसा एका वर्गातही आहे. घरात तीन एसी आणि दोन गाड्या असलेला एकुलता एक मुलगा आणि एका खोलीत राहणारी पाच भावंडं, यांत नदीवर, हवेवर भार कोणाचा जास्त? हिशेब मुलांनाच करू द्यावा. ती बरोबर करतात.

इथे माझी एक चूक सांगते. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत मी लोकसंख्येचा धडा सुरू करताना वर्गाला विचारत असे, “कोणाकोणाला दोनहून जास्त भावंडं आहेत?” हात वर यायचे, मी मोजायची, फळ्यावर आकडा लिहायची. मला वाटायचं, केवढा जिवंत धडा! एकदा मागच्या बाकावरच्या एका मुलाने हात अर्धा वर केला, आजूबाजूला पाहिलं आणि खाली घेतला. त्याला सहा भावंडं होती, हे मला माहीत होतं. शेजारचा मुलगा हसला, आणि त्याने त्या मुलाच्या वस्तीचं नाव घेतलं. मग सगळा वर्ग हसला. त्या मुलाने त्या वर्षी माझ्या विषयात एकही प्रश्न विचारला नाही. त्या दिवशी मी लोकसंख्या शिकवली नव्हती. पृथ्वीवर जास्तीचं कोण, याकडे बोट दाखवायला शिकवलं होतं. आणि आमच्या शहरात असं बोट कुठल्या दिशेला जातं हे मला वेगळं सांगायला नको.

वाईट याचं की तो धडा खोटाही होता. निदान जुना होता. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या १९९२-९३ च्या पहिल्या फेरीत देशात एका स्त्रीमागे सरासरी ३.४ मुलं होती. २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत ती २ वर आली, गुजरातेत १.९, महाराष्ट्रात १.७. पिढीची जागा पिढीने भरायला २.१ लागतात. म्हणजे पाळणा त्याच्याही खाली आलेला आहे. तरी एकूण लोकसंख्या वाढतेच आहे, आणि २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार आपण चीनलाही मागे टाकलं. हे कसं? तरुणांची संख्या मोठी आहे. प्रत्येक जोडप्याने दोनच मुलं जन्माला घातली तरी जोडपीच पुष्कळ. ब्रेक लावल्यावरही एसटी काही अंतर पुढे जाते, तसं. किती शिक्षक हे सांगतात? मी निवृत्त होईपर्यंत आमच्या शाळेच्या भिंतीवर लाल त्रिकोणाच्या काळातलं घोषवाक्य रंगवलेलं होतं. आकडा हलला होता, भिंत हलली नव्हती. मुली शिकल्या, बाळं जगू लागली, लग्नाचं वय पुढे गेलं, तसा पाळणा थांबत गेला. हा खरं तर अभिमानाने सांगायचा धडा आहे, आणि बडोद्याने तर जास्तच अभिमानाने. इथे १८९३ मध्ये अमरेली भागात प्राथमिक शिक्षण सक्तीचं झालं, १९०६ मध्ये साऱ्या राज्यात, मुलींनाही.

माणसाचा परिणाम हा तिसरा भाग. तो पुस्तकात प्रदूषणाच्या प्रकारांच्या यादीने संपतो. हवेचं, पाण्याचं, ध्वनीचं. यादी पाठ होते, प्रदूषण कुठे आहे ते दिसत नाही. कमाटीबागेच्या म्युझियममध्ये देवमाशाचा प्रचंड सांगाडा आहे, सत्तर फुटांहून लांब. १९४४ मध्ये महीच्या मुखाशी वाहून आलेला. बडोद्याचं प्रत्येक मूल त्याच्याखाली मान वर करून उभं राहिलेलं असतं. त्याच महीच्या खाडीत, सारोदजवळ, आपल्या कारखान्यांचं प्रक्रिया केलेलं म्हणवणारं पाणी नेऊन सोडणारा एक कालवा १९८३ पासून चालू आहे. पंचावन्न किलोमीटर लांब. वाटेत गावं आहेत, शेतं आहेत. सांगाडा पाहायला सहल जाते. कालवा पाहायला एकही गेलेली मी ऐकलेली नाही. शहराने आपली घाण डोळ्यांआड नेली याचं कौतुक वाटणं स्वाभाविक आहे. पण ती पंचावन्न किलोमीटरवर कोणाच्या तरी डोळ्यांसमोर आहे. बडोद्यातल्याच पर्यावरण सुरक्षा समितीच्या याचिकेवर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभरच्या कारखान्यांना बजावलं की सांडपाण्यावर प्रक्रियेची सोय चालू नसेल तर कारखाना चालवता येणार नाही. नागरिकशास्त्राच्या बाईंनाही हा धडा चालला असता. त्यांनाही तो कोणी दिला नाही.

माणसाचा हात नेहमी वाईटच, असं मात्र मी शिकवणार नाही. डभोईजवळचा वढवाणा तलाव सयाजीरावांच्या काळात, १९१० च्या सुमारास, शेतीच्या पाण्यासाठी बांधलेला. माणसाने केलेला खड्डा. हिवाळ्यात तिथे हजारो परदेशी पक्षी उतरतात, आणि २०२१ मध्ये त्याला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या, पाणथळीचा दर्जा मिळाला. चरोतरातल्या मलातजसारख्या गावात लोक मगरींच्या तळ्याकाठी धुणी धुतात, म्हशी पाण्यात नेतात. खोडियार मातेचं वाहन मगर, म्हणून तिला दगड मारत नाहीत. श्रद्धेने नदी स्वच्छ होते असा माझा दावा नाही, गंगामैयाचं उदाहरण समोर आहे. पण मोठ्या हिंस्र प्राण्याशेजारी कसं राहायचं, याची रीत असते आणि ती शिकता येते, हे मुलांनी पाहावं.

आता आक्षेप. शिक्षकांच्या खोलीत मी हे सगळं बोलले की चहा संपेपर्यंत तीन आक्षेप यायचेच. पहिला, अभ्यासक्रम पुरा कधी करायचा. याला माझं उत्तर असं की मगरीच्या एका प्रश्नाने माझी दोन प्रकरणं उरकली होती. दुसरा, नदीकाठी मुलांना न्यायचं आणि काही झालं तर? रास्त भीती आहे. काठावर कोणी न्यायला सांगत नाही. पुलाच्या कठड्यामागून, शिक्षकांसह, वनखात्याचा माणूस सोबत घेऊन बघता येतं. खरं सांगायचं तर मगरी आता घरपोच येतात. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री ३५ फुटांच्या वर गेली, धोक्याची खूण २५ फुटांची. त्या तीन दिवसांत शहरातल्या वस्त्यांमधून चोवीस मगरी पकडल्या. दोन तरुणांनी तर एक मगर स्कूटरवर मधे धरून वनखात्याच्या कचेरीत पोचवली, तो व्हिडिओ साऱ्या देशाने पाहिला. आम्ही त्यावर आठवडाभर विनोद पाठवत होतो.

तिसरा आक्षेप कुजबुजत येतो, आणि तोच खरा. हे शिकवायला गेलं की राजकारण होतं. पूर का येतो, याचं पुस्तकी उत्तर अतिवृष्टी. पाऊस पडतोच, ३१ जुलै २०१९ ला एका दिवसात पाचशे मिलिमीटरच्या जवळ पडला. पण पावागडहून उतरणारी नदी शहरात शिरताना साप चालावा तशी वळत जाते, तिच्या दोन्ही बाजूंना कोतरं, म्हणजे पाण्याने कापलेल्या घळी, होती, ओढ्यांना इथे कांस म्हणतात त्या भूखी, रुपारेल, मसिया कांसी होत्या, तळी होती. आजव्याचं जास्तीचं पाणीही हिच्यातच उतरतं. पूर आला की ते पाणी कोतरांत पसरून बसायचं. कोतरं बुजली, कांसींवर स्लॅब पडले, तळ्यांवर सोसायट्या आल्या. पाणी आपल्या जुन्या जागेवर येतं आणि आपण म्हणतो पूर आला. हे सांगताना मालकाचं, बिल्डरचं, मंजुरी देणाऱ्याचं नाव मनात येतं, आणि अनुदानावर चालणाऱ्या शाळेत ते कोणालाच मनात आणायचं नसतं. गरुडाच्या बाबतीत ही अडचण येत नाही. गरुडाने कुठल्याच कांसीवर स्लॅब घातलेला नाही. पाठ्यपुस्तकांना तो एवढा का आवडतो, याचा मला तेव्हा उलगडा झाला.

शिक्षकाने वर्गात कोणाविरुद्ध मोर्चा काढावा, असं मी म्हणत नाही. प्रश्न उघडा ठेवावा. २०२५ च्या पावसाळ्याआधी नदी खोल आणि रुंद करण्याचं काम झालं, आणि ते नेमकं मगरींच्या अंड्यांच्या हंगामात आलं. पुरातून लोकांना वाचवायचं की काठावरची घरटी वाचवायची? दोन्ही कसं साधेल? गाळ काढला तर पाणी लवकर निघून जातं; काठ उभा कापला तर मगरीला वर चढायला, अंडी घालायला उतार राहत नाही, आणि मातीही ढासळते. याचं तयार उत्तर माझ्याजवळ नाही आणि उत्तरसूचीत तर नसणारच. नववी-दहावीच्या मुलांना मात्र दोन्ही बाजू मांडता येतात. मी शिकवणीतल्या मुलांकडून एकदा मांडून घेतल्या. मगरीची बाजू घेणारी मुलगी स्वतः पुरात दोन दिवस दुसऱ्या मजल्यावर अडकलेली होती.

त्याच दिवशी मी प्रत्येकाला गृहपाठ दिला होता: तुमची सोसायटी उभी राहण्याआधी तिथे काय होतं, घरातल्या किंवा गल्लीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारून या. उत्तरं आली. बोरीचं रान, वीटभट्टी, तळं, कोणाचा तरी आंबा, आणखी एक तळं. एका मुलाने वही मिटली आणि विचारलं, “बेन, आणि तुमच्या घराच्या जागी?”

आमचा बंगला १९८४ चा. प्लॉट स्वस्त मिळाला म्हणून माझे सासरे फार खूश होते. भरावाचे किती ट्रक टाकावे लागले, हे ते पाहुण्यांना आकड्यासकट सांगत. पुराचं पाणी दर वेळी आमच्या पाचव्या पायरीवर येऊन थांबतं, आणि २०२४ मध्ये ते ओसरल्यावर पार्किंगमध्ये हातभर लांबीचं मगरीचं पिलू निघालं होतं.

“कोतर होतं,” मी म्हटलं. त्याने ते वहीत लिहून घेतलं.